पिशवी

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर, बायकांच्या संडासात, दुसऱ्या दाराच्या आतल्या बाजूला कडीच्या वर वीतभर अंतरावर एक खिळा आहे. त्या खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली असते. माझ्या आईच्या जुन्या सुती लुगड्याची, फिकट हिरवी, बंद त्याच लुगड्याच्या काठाचे. आत पॅड असतात. कधी दहा, कधी चार, कधी एकही नाही. जिला लागेल तिनं घ्यायचं. कुणाला मागायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत.

ही पिशवी तिथं कशी गेली ते सांगायचंय. सांगताना जरा लांबून यावं लागेल, कारण आमच्याकडं पिशवी म्हटलं की बायकांच्या मनात आधी वेगळंच काही येतं. तिथवर मी येतेच.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. शाळा सुटल्यावर मी पाचच्या गाडीसाठी स्टँडवर थांबले होते. पाऊस नुकताच उघडला होता. सिमेंटच्या बाकड्यावर एक मुलगी बसली होती, आठवी-नववीतली असेल. आकाशी कुडता, पांढरी सलवार. मुलींना शाळेला नेणारी-आणणारी मानव विकासची निळी गाडी लागली तशा सगळ्या मुली धावल्या. ही जागची हलली नाही. खिडकीतून मैत्रिणीनं हाक मारली, "ये की गं, काय करायलीस?" हिनं नुसती मान हलवली. गाडी गेली. वीसेक मिनिटांनी त्याच रस्त्याची दुसरी गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा गावाचं नाव पुकारलं. मुलगी तशीच, दप्तर मांडीवर घट्ट धरून, जमिनीकडं बघत.

एकतीस वर्षं मी वर्गात मुली बघतेय. बाकावरून न उठणारी मुलगी मला ओळखू येते. शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "अडचण झालीय का गं?"

तिनं माझ्याकडं न बघता मान खाली-वर केली. मग डोळ्यांतून पाणी.

मी सवयीनं पर्सचा आतला कप्पा उघडला. पस्तीस वर्षं त्या कप्प्यात एक घडी असायची, आधी कापडाची, नंतर पॅडची. पण माझी पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. कप्प्यात चष्म्याची डबी निघाली. त्या क्षणी मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. स्वतःची अडचण संपली तशी मी दुसऱ्यांच्या अडचणीतून उठून निघून गेले होते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिला तिथंच बसायला सांगून मी संडासाकडं गेले. कुलूप. किल्ली असलेल्या मावशी चहाला गेलेल्या. तिथून रस्ता ओलांडून मेडिकलवर. दुकानात चार पुरुष उभे होते. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, गावात निम्मी माणसं माझ्या हाताखालून शिकलेली, तरी माझा आवाज आपोआप खाली आला. दुकानदारानं काही न बोलता पुडा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काळ्या पिशवीत घालून दिला. २०१८ ला राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आमचा भाजीवाला पिशवी देत नाही, घरून आणायला लावतो. पॅडची काळी पिशवी मात्र कुणाला बंद करता आलेली नाही. लाज झाकायची म्हटली की ती कुठून तरी निघतेच.

परत आले तोवर मावशी आल्या होत्या. पाच रुपये. मुलीकडं पाच रुपये नव्हते. अहिल्याबाई होळकर योजनेचा तिचा पास फुकट आहे, दुपारचं जेवण शाळेत आहे, म्हणून घरून तिला रुपयाही देत नाहीत, द्यायचं कारणच नाही. मी पैसे दिले. आत नळ कोरडा, ड्रमच्या तळाशी हातभर खाली पाणी, पाणी घ्यायचा मग दोरीनं बांधलेला. ती ओढणी कमरेला गुंडाळून बाहेर आली तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते. तिच्या गावच्या एका बाईबरोबर मी तिला काळी-पिवळीत बसवून दिलं. माझीही गाडी गेली होती.

रात्री घरी बसून मी हिशोब करत राहिले. आपल्या सरकारनं त्या मुलीसाठी किती केलंय! तिच्यासाठी गाडी वेगळी, गाडीचा रंग वेगळा, पास फुकट, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट. २०२३ च्या मार्चपासून तर साऱ्याच बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्टँडवरची बायकांची गर्दी वाढली. दवाखान्याला, बाजाराला, माहेराला, बँकेत, एरवी घरातून न निघणाऱ्या बायका निघू लागल्या. बाई घराबाहेर पडावी म्हणून एवढं सगळं झालं. ती बाहेर पडल्यावर तिला रस्त्यात पाळी येईल, एवढी एकच गोष्ट त्यात धरायची राहून गेली.

आता जरा मागं जाते.

मी बहात्तरच्या दुष्काळातली. माझं माहेर औसा तालुक्यातलं. पाळी आली तेव्हा आईनं आधी मला पडवीत वेगळं बसवलं आणि मग लुगडं फाडायला घेतलं. ते मी अजून जसंच्या तसं बघू शकते. तिनं आधी काठ उसवून बाजूला काढला. काठ कडक असतो, मांडीला काचतो. मग मधलं कापड दातानं जरा चिरून सर्रकन फाडलं, हातभर लांबीचे तुकडे केले, प्रत्येकाची तीन पदरी घडी. काठाची पट्टी कमरेला बांधायला. शेवटी मला जवळ न घेता, लांबूनच, घड्या माझ्याकडं सारल्या आणि म्हणाली, "नीट धू. कुणाच्या नदरंला पडू देऊ नको."

नीट धू, हे सांगणं सोपं होतं. पाणी कुठं होतं? उन्हाळ्यात आमच्या आडाला तळ दिसायचा. प्यायला दोन घागरी, जनावरांना त्याहून जास्त, आणि पाळीचं फडकं धुवायला भांडी घासलेलं पाणी उरलं तर. वाळत घालायचं तर उन्हात नाही, परकराच्या खाली, कोपऱ्यात, अर्धवट ओलं. पुढच्या महिन्याला त्याच कडक झालेल्या घड्या. चांगलं धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड वाईट नसतं, हे मी आजही मुलींना सांगते. पण धुवायला पाणी आणि वाळवायला ऊन, दोन्ही हवं. मराठवाड्यात पाणी नव्हतं आणि ऊन रग्गड होतं, ते लाजेपायी आम्ही वापरलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळ्या देशानं ती गाडी पाहिली. पाच-सहा घागरींत घर चालवणाऱ्या बाईनं त्या महिन्यात पाळी कशी निभावली, हे विचारायला मात्र कुणी आलं नाही.

पण कापडाची खरी किंमत मला किल्लारीनं शिकवली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा लातूरला डीएडला होते. आम्ही मुली मदतीला म्हणून गेलो, तर आम्हाला कपड्यांच्या ढिगावर बसवलं. ट्रकच्या ट्रक कपडे येत होते, साड्याच साड्या, बहुतेक नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या. लोकांनी मनापासून पाठवलेल्या, पुष्कळशा नव्या कोऱ्या. वरून पाऊस चालूच होता.

एक बाई त्या ढिगाशी कितीतरी वेळ वाकून उभी होती. एकेक साडी उचलायची, बोटांत चोळून बघायची, खाली ठेवायची. घरातली तीन माणसं गेलेली बाई. मी एक चांगली जांभळी साडी पुढं केली, "ही घ्या मावशी, कोरी आहे." तिनं चोळली आणि ठेवून दिली. मला तेव्हा वाटलं, एवढ्या दुःखातही रंग बघतेय. मी एकवीस वर्षांची होते आणि स्वतः बाई होते, तरी मला कळलं नाही. शेजारची म्हातारी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "लेकी, तिला नेसायला नगंय. सुती बघायलीय. हे नायलान पाणी धरत न्हाई."

त्या रात्री आम्ही सहा मुलींनी कंदिलाच्या उजेडात सगळा ढीग उपसला. सुती तेवढ्या साड्या, धोतरं, चादरी बाजूला काढल्या, काठ उसवले, फाडल्या, घड्या केल्या आणि एका पत्र्याच्या आडोशाला ठेवल्या. कुणाला काही सांगितलं नाही. सकाळपर्यंत तिथं एक घडी उरली नव्हती. कोण येऊन घेऊन गेलं ते आम्ही बघितलं नाही, आणि कुणी बघत नव्हतं म्हणूनच त्या येऊ शकल्या, हे मला तीस वर्षांनी स्टँडवर कळलं.

आता त्या दुसऱ्या पिशवीकडं येते.

आमचा भाग बालाघाटच्या डोंगररांगांतला. दिवाळी झाली की इथली गावं रिकामी होतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून ती फेडायची. पहाटे तीनला फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला. राहायला उसाच्या पाचटाची कोपी. संडास नाही, मोरी नाही, पाणी मैलावर. कामाला गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या दुखण्यानंही खाडा पडतो.

माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया जूनमध्ये नाव घालायला येतात. बोलता बोलता सांगतात, "आवंदा पिशवी काढून टाकली, बाई." जसं दाढ काढली म्हणावं तसं. एक आई तिशीही न गाठलेली. मी विचारलं, काहून गं? म्हणाली, "लई आंगावरून जायचं. डाक्टर म्हनले कॅन्सर हुईल. आन् सुटली की बाई दर महिन्याची कटकट."

२०१९ ला हे सगळं वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खाजगी दवाखान्यांमधून ४,६०५ बायकांचं गर्भाशय काढल्याचं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायकांमागं एक. देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

याला कारण एक नाही. खाडा आहे, उचल आहे, लहान वयातली लग्नं आहेत, भीती घालणारे डॉक्टर आहेत. पॅड मिळाले असते तर हे झालं नसतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण ओलं, मळकं फडकं दिवसभर ठेवून ऊस वाहणाऱ्या बाईला जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, ती दवाखान्याची पायरी चढते, आणि तिथून पुढची वाट ठरून गेलेली असते. त्या वाटेच्या सुरुवातीला एक स्वच्छ घडी आणि दार लावून बदलायला एक जागा असती तर किती जणी तिथूनच मागं फिरल्या असत्या? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. बाईच्या पाळीची सोय करणं कुणाला जमलं नाही, म्हणून बाईनं पाळीच काढून टाकली.

त्या मुलीनंतर मी आधी सरळ मार्गानं गेले. अर्ज केला. एका ऑफिसात सांगितलं, स्टँड आमच्याकडं नाही. दुसऱ्यात सांगितलं, संडास ठेक्यानं दिलाय, ठेकेदाराला भेटा. ठेकेदाराचा माणूस भला होता, म्हणाला, मॅडम, करारात नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब म्हणाले, मशीन बसवू की. मशीन मी दुसऱ्या एका गावात पाहिलं होतं. भिंतीवर, पाच रुपयांचं नाणं टाकायचं. फीत कापल्याचा फोटो आला होता. मी गेले तेव्हा त्याची वायर लोंबत होती आणि वर जाळी धरली होती. मशीनला नाणं लागतं, वीज लागते, भरणारा माणूस लागतो, बिघडलं तर कारागीर लागतो. आणि आतमध्ये अंगावरून जात असलेल्या बाईचं नाणं मशीननं गिळलं तर तिनं कुणाला हाक मारायची?

शाळेतलं तर मी जवळून पाहिलंय. राज्यात २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचा पुडा पाच रुपयांना. त्याच वर्षीच्या जुलैत सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही गेला, जनऔषधी केंद्रात पुढं एक रुपयाला एक पॅड मिळू लागला. हेतू सगळे चांगले. पण मी ज्या एका शाळेत होते तिथं पॅडची खोकी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात असायची. कपाटाला कुलूप, आणि कुलपाबरोबर रजिस्टर. मुलीनं नाव, इयत्ता, तारीख लिहून सही करायची. तेरा वर्षांची मुलगी त्या खोलीत, सरांसमोर! उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आम्ही शिल्लक मोजली तर बहुतेक खोकी बांधलेली तशीच. मग वर कळवलं गेलं की मुलींकडून मागणी नाही. मी त्या कागदावर काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

कागदावर खरंच मागणी नव्हती. गरज होती. मागायला तोंड उघडावं लागतं, आणि या एका गोष्टीसाठी आमच्या पोरींची तोंडं आम्ही आयाच लहानपणी शिवून टाकतो.

म्हणून मला स्कॉटलंडच्या कायद्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मराठवाड्याच्या एक तृतीयांशही लोकसंख्या नसलेला तो देश. २४ नोव्हेंबर २०२० ला तिथल्या संसदेनं एकमतानं कायदा केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तो लागू झाला. ज्याला गरज आहे त्याला पाळीची साधनं फुकट मिळतील, ही जबाबदारी तिथल्या स्थानिक संस्थांवर, शाळा-कॉलेजांवर आली. जगात असं करणारा तो पहिला देश. फुकटपणा तर आहेच. पण वस्तू सहज मिळाली पाहिजे, घेणारीचा मान राहिला पाहिजे आणि तिला निवड करता आली पाहिजे, हेही त्या कायद्यानं लिहून ठेवलंय. मान राखणं हे कायद्याचं कलम होऊ शकतं, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. आपल्याकडं २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखं धोरण करायला सांगितलं. शाळेतल्या मुलींसाठी. स्टँडवरच्या, बाजारातल्या, दवाखान्याच्या पडवीत रात्र काढणाऱ्या बाईसाठी अजून कुणी बोलत नाही.

तर, पिशवी.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत हे हिरवं लुगडं निघालं. अर्धं फाडून संपलेलं, अर्धं शिल्लक. काठाची गुंडाळी वेगळी करून ठेवलेली, तिच्या सवयीप्रमाणं. मी मशीनवर बसून पिशवी शिवली, काठाचे बंद लावले. जनऔषधीतून पुडे आणले आणि मावशींकडं गेले.

मावशी पन्नाशीच्या. सकाळी सहाला कुलूप काढतात, रात्री आठला लावतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमी टांगताव खरं, पर हितं लोकं नळाची तोटीबी काढून नेतेत." तरी त्यांनीच आपल्या टेबलाशेजारी जागा दिली. बाहेर, दर्शनी. वर मी पाटी लावली, मोफत.

आठवड्यात दोन पॅड गेले. बायका यायच्या, पाच रुपये द्यायच्या, पिशवीकडं बघायच्या, मग मावशींकडं, मग बाकड्यावरच्या पुरुषांकडं, आणि तशाच आत जायच्या. मी हिरमुसले. मावशीच म्हणाल्या, "आवो, हितं मी बसलेली, तिथं गडी बसलेले. कोन हात घालंल? आतमदी लावा. कडीच्या वर. दार लावलं की बाई आन् पिशवी." त्यांनीच दगडानं खिळा ठोकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी रिकामी.

मला किल्लारीचा तो पत्र्याचा आडोसा आठवला. तीच गोष्ट होती, मी ती विसरले होते.

पुढं एकदा बाराच्या बारा पॅड सकाळी सातालाच गायब झाले. मावशी चिडल्या, म्हणाल्या, एकीनंच नेले. चार दिवसांनी त्यांनाच पत्ता लागला. स्टँडमागं पालं टाकून राहणाऱ्या कुटुंबातली सून होती, घरात तीन पोरी. मावशी म्हणाल्या, "तिला काय म्हनावं? तिला बाराच लागत असतेल." त्या दिवसापासून चोरी हा शब्द आमच्यात परत आला नाही. जिथं लागतं तिथंच ते जातं. बाजारात विकून त्यातून कुणी माडी बांधणार नाही.

आता रोज बारा-पंधरा लागतात, बाजाराच्या दिवशी जास्त. महिन्याचे चारेकशे. एक रुपयाला एक, म्हणजे चारशे रुपये. त्याच दारात ऐंशी बायका पाच-पाच रुपये देतात तेव्हा तेवढे जमतात, आणि ऐंशी बायका तर एका बाजारच्या दिवशीच येऊन जातात. हा हिशोब मी चौथ्या अर्जाला जोडलाय. आमच्या बचत गटातल्या बायका सध्या वाटून खर्च उचलतात. पण मला हे आमच्या दानावर चालायला नकोय. आम्ही थकू, आमच्या बदल्या होतील. संडासाच्या ठेक्यात फिनेल लिहिलेलं असतं, झाडू लिहिलेला असतो. त्याच यादीत पॅड लिहायचे, दाराच्या आत ठेवायचे, आणि नळाला पाणी हवं. पाण्याशिवाय नुसता पॅड म्हणजे अर्धीच सोय.

एक अडचण आमच्यामुळंच वाढली, तीही सांगायला हवी. वापरलेले पॅड बायका संडासाच्या भांड्यात टाकू लागल्या. पॅडच्या आतलं पाणी धरणारं द्रव्य फुगतं, वर प्लास्टिकचा थर. महिन्याभरात पाइप तुंबला आणि मावशींनी काठीनं, हातानं ते काढलं. मी तिथं उभी होते. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मला फार अपराधी वाटलं. त्यानंतर आम्ही झाकणाची बादली ठेवली, पिशवीच्या शेजारी दुसऱ्या खिळ्याला वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे अडकवले, गुंडाळायला. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी टाकण्यासाठी वेष्टन द्यायचं आणि वापरणारीनं त्यात गुंडाळून द्यायचं. आमच्या घंटागाडीवरचा पोरगा ती बादली आजही उघड्या हातानं ओततो. त्याला मी रबरी हातमोजे आणून दिले. पुरेसं नाही, मला माहीत आहे. पॅड फुकट द्या असं मागणारीनं तो जातो कुठं, तेही मागितलं पाहिजे.

गेल्या माघात एकदा पिशवीत हात घातला तर पुड्यांच्या खाली काही मऊ लागलं. सुती कापडाच्या पाच घड्या. जुन्या, धुवून धुवून पातळ झालेल्या, कडक उन्हात वाळवल्याचा वास येणाऱ्या. तीन पदरी. काठ काढलेला. कुणी ठेवल्या ते मावशींना माहीत नाही, मलाही नाही. आपल्याकडं पॅड नाही, पण घेतलं तर काहीतरी ठेवावं, असं कुण्या बाईला वाटलं असेल. मी त्या घड्या घरी आणल्या नाहीत. तिथंच राहू दिल्या. संध्याकाळपर्यंत त्याही गेल्या.

यंदा दिवाळी झाली तशा टोळ्या निघायला लागल्यात. स्टँडसमोरच्या मैदानात ट्रक लागतात. भांडी, गोधड्या, शेरडं, लेकरं, सगळं वर चढतं, आणि बायका शेवटचं म्हणून मावशींच्या दाराशी येतात. परवा एकीनं विचारलं, पिशवीतले थोडे जास्त घेतले तर चालतेल का, सहा महिने जायाचंय. इतक्या दिवसांत तोंडानं मागणारी ती पहिली बाई. मावशींनी मला फोन केला. मी म्हटलं, तिच्या टोळीत किती कोयते आहेत ते विचारा.

चौदा निघाले. म्हणजे चौदा बाया, वर चार वाढत्या वयाच्या पोरी. बचत गटात रात्री पैसे काढले, सकाळी पुडे आणले. दुपारी आईच्या लुगड्याचा राहिलेला तुकडा घेऊन बसले. आणखी दोन पिशव्या झाल्या, तिसरीला बंदापुरता काठ उरला नाही, तिला सुतळी लावली. एक कोपीत टांगायला, एक फडाच्या कडेला झाडाला, एक ट्रकमध्ये.

ट्रक पहाटे चारला सुटणार आहे. मावशी म्हणाल्या, मी साडेतीनलाच येऊन कुलूप काढते, ड्रम रातच्यालाच भरून ठिवते.